मास्तर अजून शिवतात

सरकारी साहेब घरी तपासणीला आले, तेव्हा मास्तर शिलाई मशीनवर बसले होते. सगळा घोटाळा तिथंच झाला.

मास्तर जन्माचे शिंपी. आता मात्र कंपवातानं हात असे थरथरायचे की अर्धा चहा पोटात आणि अर्धा शर्टावर. ज्यांना काम झेपत नाही त्यांना सरकार दरमहा मदत देतं, त्यावर त्यांच्या गोळ्या चालायच्या. साहेबांनी सहज विचारलं, "काय मास्तर, काही करता की नाही?" शहाण्या माणसानं अशा वेळी थोडं कण्हावं. मास्तरांनी हँगरवरची तयार पँट काढून साहेबांपुढं धरली. "बसून खात नाही, साहेब. गिऱ्हाईक अजून टिकवून आहे." स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

पँटची टीप अगदी सरळ होती. असणारच. ती बायकोनं घातली होती.

दुपारी गोळी घेऊन मास्तर झोपले की बाई त्यांनी शिवलेलं सगळं पिशवीत घालून शेजारणीकडे न्यायची. वेडीवाकडी टीप उसवायची, शेजारणीच्या मशीनवर नव्यानं घालायची आणि कपडा परत हँगरला लावायची. मास्तर उठून कपड्यावरून हात फिरवत म्हणायचे, "बघ, हात बसला की नाही पुन्हा?" ती म्हणायची, "बसला हो." कुणाला ही फसवणूक वाटत असेल तर त्यानं खुशाल म्हणावं. पण आधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला नवरा घरात सांभाळून बघावा. हे सगळं सुरू होण्याआधी मास्तर तसेच पडून असायचे, जेवायलाही उठायचे नाहीत.

मदत बंद झाली. कागदावर कारण होतं, काम करण्यास सक्षम. बाईनं कचेरीचे उंबरे झिजवले. खिडकीपलीकडचा कारकून मान वर न करता म्हणायचा, "अहवालात स्पष्ट लिहिलंय बाई, ते काम करतात. आम्ही काय करणार?" घरी ती सुरीनं गोळीचे दोन तुकडे करू लागली. अर्ध्या गोळीवर मास्तरांचे पाय मोरीच्या दारातच जमिनीला खिळायचे. पुढे पडेनात, मागे येईनात. ती त्यांना कमरेला धरून उभी राहायची आणि तिला वाटायचं, आता दोघं एकदमच पडू आणि उठवायला कुणी येणार नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, दोन बाकं, खडखडणारा पंखा. वकीलबाई वयानं लेकीएवढी. डबा खाता खाताच कागद वाचत होती.

"अपील करता येईल, काकू. मुदत आहे अजून. पण डॉक्टरांच्या दाखल्यात हात थरथरतात एवढंच आहे. आणि शिवलेली पँट साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय. तिचं काय करायचं?"

बाईच्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. आजवर शेजारीण सोडून कुणाला माहीत नव्हतं. वकीलबाईनं डबा बाजूला सारला.

"हेच सांगायचं. सुनावणीत. तुम्ही स्वतः."

"आणि हे?"

"ते अर्जदार आहेत. समोरच असणार."

"त्यांना तेवढं बाहेर बसवा हो. मी तुमच्या पाया पडते."

वकीलबाईनं तसा अर्जही दिला. तो फेटाळला गेला.

सुनावणीच्या खोलीत अपील अधिकारी मधे, मास्तर एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. मास्तर कडक इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. निघताना त्यांनी बायकोला बजावलं होतं, "उगाच रडारड करू नकोस. मी काम करतो, पण पुरत नाही, एवढंच सांगायचं." ती हो म्हणाली होती.

वकीलबाईनं विचारलं, "मास्तर शिवतात ते कपडे गिऱ्हाइकाला तसेच जातात?"

बाईनं छातीवर दगड ठेवला आणि बोलायला लागली. उसवणं, शेजारणीचं मशीन, झोपेची वेळ, सगळं. नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. अधिकाऱ्यांनी मास्तरांना विचारलं, "हे खरं आहे का?" मास्तरांना ते ऐकूच गेलं नसावं. ते बायकोकडे बघत होते.

"नातीचा फ्रॉकसुद्धा?"

वाढदिवसाचा फ्रॉक. तो घालून पोर गल्लीभर नाचली होती, आजोबांनी शिवला, आजोबांनी शिवला म्हणून. बाईला वाटलं, एवढं एक खोटं आपल्याला माफ असावं. पण अधिकाऱ्यांचं पेन थांबलं होतं आणि वकीलबाई तिच्याकडे रोखून बघत होती.

"तोसुद्धा," ती म्हणाली.

निकाल मास्तरांच्या बाजूनं लागला. मदत पुन्हा सुरू, थकलेलीसुद्धा मिळणार. वकीलबाई आनंदानं बाईचे हात धरून काहीतरी सांगत होती. मास्तरांनी तिला नमस्कार केला, नीट आभार मानले आणि भिंत धरत जिन्यापर्यंत गेले. पहिल्याच पायरीशी त्यांचे पाय खिळले. बाई धावत गेली, नेहमीसारखा हात पुढे केला.

मास्तर तिच्या पलीकडे, दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे बघत म्हणाले, "दादा, जरा हात देता का? खाली जायचंय."