अक्काच्या वाळत घातलेल्या पिशव्या

देवपूरच्या भाजीबाजारात वत्सलाअक्काकडे पिशवी मागितली की आधी तीन प्रश्न यायचे. घर कुठं? घरून निघताना हात रिकामे का? आणि परत कधी येणार? उत्तरं पटली तरच ती मागच्या झुडपावरून एक पिशवी काढायची, झटकायची आणि हातात देताना परत आणायचं बजावायची, "लई जाय. पन परत लई ये. ती मनी बी नही, तुनी बी नही."

झुडूप म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतातून उपटलेलं वाळकं झाड तिनं कांद्याच्या गोणीत उभं रोवलं होतं. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून ती सकाळच्या एसटीनं वांगी, गिलकी, मेथी घेऊन यायची. गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या आणि रस्त्यावर उचललेल्या पिशव्या बाजाराच्या नळावर धुवायची आणि त्या पऱ्हाटीला अडकवून वाळवायची. वाळल्या की प्रत्येकीत नाक खुपसून वास घ्यायची. "हाईमा मासा व्हता, भाजीले चालाव नही," म्हणून ती पिशवी वेगळी काढायची. भोक पडलेली मेथीच्या जुडीला आणि धड असलेली टोमॅटोला. पार फाटली की गोणीच्या तोंडाला बांधायला.

हे सगळं मला तिच्या शेजारी मिरच्या-लिंबं विकणाऱ्या कमलबाईनं सांगितलं. उशिरा सांगितलं, कारण मी उशिरा विचारलं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त प्लास्टिक लगडलेलं एक झाड दिसलं. आमचा पर्यावरणाचं काम करणारा गट नवा होता. पत्रकं लिहून लिहून माझी वाक्यं फार धारदार झाली होती. 'पृथ्वीचे मारेकरी तुमच्याच गल्लीत आहेत!' हे वाक्य माझंच, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या रविवारी बंदी असलेल्या पिशव्या जप्त करणारं पथक बाजारात आलं होतं. दुकानदार आधीच सावध झालेले, गल्ले-फळ्या स्वच्छ. पथक रिकाम्या हातानं परत निघालं, तेव्हा मीच बोट दाखवलं. "ते काय, उघड टांगून ठेवलंय!"

अक्का तराजू टाकून उठली. "ओल्या शेतस त्या! नव्या पिशव्या कोनी वाळत घालस का? हात लाई दख!"

मी हात लावला नाही. पथकानं पऱ्हाटी झटकून सगळ्या पिशव्या पोत्यात भरल्या आणि पावती फाडली. मी आमच्या भोंग्यावरून पुकारलं, "बंदी असलेल्या पिशव्यांचा साठा पकडला आहे! अशा विक्रेत्यांकडून भाजी घेऊ नका!" नाव घेतलं नव्हतं, पण बोट अजून तिच्याकडेच होतं.

मग आम्ही प्रत्येक विक्रेत्याला आमची 'कापडी' पिशवी फुकट वाटली, हिरव्या अक्षरात घोषणा छापलेली. अक्काच्या हातात मीच ठेवली. तिनं ती दोन बोटांत चोळली, कानाशी नेऊन पुन्हा चोळली आणि समोरच्या चहावाल्याकडून काडेपेटी मागवली. एक कोपरा पेटवला. तो आक्रसला, काळा थेंब होऊन तिच्या चपलेशेजारी टपकला.

"कापूस मना वावरमा व्हस, माय," ती म्हणाली. "तो जळस. असा गळत नही."

चहावाला मोठ्यानं हसला. "ताई, तुमचं कापड वितळलं की!"

माझे कान तापले. मी म्हणाले, "पण ही पिशवी खूप वेळा वापरता येते!"

"मंग मी बी तेच करी राहिंतू ना?"

एवढ्या साध्या प्रश्नावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "अक्का, कायदा तो कायदा." आणि पुढच्या पाटीकडे वळले.

त्यानंतर दर रविवारी आमचं टेबल तिच्या समोरच असायचं, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. पऱ्हाटी उघडी पडली होती. अक्का गिऱ्हाइकांना जे असेल त्यात भाजी न्यायला लावायची. मोटारसायकलवरचा एक साहेब दोन वांगी घेऊन पिशवीसाठी अडून बसला, तर तिनं त्याचं हेल्मेट काढून घेतलं. "एवढं डोकं मावस त्यामा, दोन वांगा नही मावतीन?" साहेबही हसला आणि वांगी हेल्मेटमध्ये घालून गेला.

पण अशी गिऱ्हाइकं कमी होत गेली. येता-जाता कुणीतरी टोमणा मारायचं, "अक्का, माल कुठं लपवला?" घरची पिशवी धुवून परत आणून देणाऱ्या बायकाही थांबल्या. तिच्याजवळ पिशवी देताना कुणी पाहिलं तर, अशी त्यांना धास्ती. वर्षानुवर्षं तिच्याकडून भाजी नेणाऱ्या मेसवालीनं दुसरा गाळा धरला.

एका रविवारी अक्का आमच्या टेबलापाशी आली. पदर सारखा करून उभी राहिली.

"चोट्टी नही शे मी. तू ज्या भोंगावर सांगं, त्याच भोंगावर परत सांग. आखो काही नको माले."

"सांगते, अक्का. पुढच्या बाजारात नक्की."

पुढच्या बाजारात पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर नको वाटलं. त्यापुढच्या रविवारी मी जळगावला एका शाळेच्या फेरीत होते. मग तिसरा आला, चौथा आला. खरं कारण हे की तिची बाजू सांगायची तर आमच्या वितळलेल्या पिशवीचंही सांगावं लागलं असतं, आणि गटात त्या पिशव्यांचं अजून कौतुक चाललं होतं. मी दुसऱ्यांच्या लबाडीवर पत्रकं काढत होते आणि स्वतःच्या लबाडीची कबुली आठवडा-आठवडा पुढं ढकलत होते.

अक्कानं पुन्हा विचारलं नाही. मात्र आमचा भोंगा खरखरला की ती तराजू खाली ठेवायची आणि ऐकायची. मी ओला कचरा, सुका कचरा यावर बोलायला लागले की ती तराजू परत उचलायची. हे मी पाहायचे आणि बोलत राहायचे.

मग सलग दोन रविवार तिची जागा रिकामी दिसली. कमलबाईला विचारलं.

"ताप आला. आठ दिवसांत गेली. आंडेर आली होती, तिची लेक, पाट्या घेऊन गेली." कमलबाई मिरच्यांवर पाणी शिंपडत होती. मग थांबून म्हणाली, "शेवटपर्यंत विचारायची, भोंगावाली काय बोलनी का?"

पुढच्या रविवारी मी गटात कुणाला न विचारता भोंगा घेऊन गेले. सगळं सांगितलं. त्या पिशव्या वापरलेल्या, धुतलेल्या होत्या. अक्का एकेक पिशवी फाटेपर्यंत फिरवत होती. माझी चूक झाली. आणि आम्ही वाटलेल्या कापडी पिशव्या कापडाच्या नाहीत, त्याही प्लास्टिकच आहेत, तरी मिळालेल्या टाकू नका, धुवून वापरा.

एका माणसानं मध्येच विचारलं, "कोणती अक्का?"

तेव्हा ती कशी होती, कुठून यायची, कुठं बसायची, इथपासून सुरुवात करावी लागली. बोट दाखवलं होतं तेव्हा यातलं काहीच सांगावं लागलं नव्हतं.

कमलबाई ओलं पोतं मिरच्यांवर ओढत होती. वर न पाहता म्हणाली, "आते कोनले सांगी ऱ्हायनी व माय?"

तेवढ्यात पुलाकडून नवी गिऱ्हाइकं आत आली. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. मी पहिल्यापासून सांगायला लागले.