कडेच्या रांगेतली पोलिक्सेनी

पोलिक्सेनीने अडतीस वर्षं अथेन्समधल्या एका कारखान्यात बूट शिवले. मालकाने एक दिवस कारखान्याला कुलूप लावलं, तेव्हा शिवणाऱ्या बायकांनी ते तोडलं आणि अकरा महिने कारखाना स्वतःच चालवला. ना मुकादम, ना साहेब. शेवटी पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढलं. पण ते अकरा महिने तिच्या अंगात भिनले ते भिनलेच. आता सत्तरी आली तरी वस्तीतल्या अराजकवाद्यांची सभा एका बंद पडलेल्या डेअरीत भरली, की ही मसुराच्या सुपाचं पातेलं घेऊन हजर. पोरं तिला मावशी म्हणत. ते तिला खपत नसे. "मावशी म्हटलं की लोक खुर्ची आणून देतात आणि मत विचारायचं विसरतात," ती म्हणे. "साथी म्हणा."

दर डिसेंबरला संसदेवर निघणाऱ्या मोर्चाआधीच्या सभेत यंदा तिचाच विषय निघाला. मोर्चाच्या दोन्ही कडांना कोपरात कोपर अडकवलेल्या माणसांची साखळी चालते, कारण पोलीस ढाली घेऊन अगदी खेटून चालतात आणि कडेचा माणूस एकटा सापडला की ओढून नेतात. साखळीचा नियम एकच. अश्रुधुराने डोळे जळाले तर मिटून घ्यायचे, शेजारी नेतील तसं चालायचं. पण कोपर सोडायचं नाही. गेल्या वर्षी पोलिक्सेनीने ते सोडलं होतं. डोळे पुसायला हात वर नेला, एवढंच. तेवढ्यात शेजारच्या थ्रासोसला, फरश्या बसवणाऱ्या त्या धिप्पाड गड्याला, तिघांनी ओढून नेलं. चार दिवस कोठडी आणि गळ्याजवळचं हाड मोडलेलं. सुटून आल्यावर थ्रासोस त्या हाताबद्दल चकार शब्द बोलला नाही, आणि तिला तेच जास्त बोचत होतं.

मिर्सिनी नावाच्या विद्यार्थिनीने मऊ आवाजात सुचवलं, की मावशींनी यंदा मधोमध, मोठ्या फलकामागे चालावं. बऱ्याच माना हलल्या. पण त्या सभेत हात मोजत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं, आणि एकाचा जरी नकार असला तरी ठराव अडतो. पोलिक्सेनी म्हणाली, मला पटत नाही. आणि विणकाम काढून बसली. कुणी तिच्या गुडघ्यांची काळजी केली, कुणी फलकामागे चालणं किती महत्त्वाचं हे समजावलं. ती प्रत्येकाचं नीट ऐके, मान डोलावी आणि पुन्हा म्हणे, पटत नाही. दुसऱ्या तासाला सूप संपलं. तिसऱ्या तासाला शेगडीतला गॅस संपला, तेव्हा थ्रासोस उठला.

"माझ्या डाव्या हाताला तीच चालेल," तो म्हणाला. "सोडल्यावर काय होतं हे तिच्याइतकं इथं कुणाला ठाऊक नाही. आता घरी जाऊ या, माझे पाय गारठलेत."

नकार कुणीच दिला नाही.

मोर्चाच्या दिवशी चौकातच झडती झाली. पोरगेल्या पोलिसाने तिच्या पिशवीतून ॲसिडिटीच्या औषधाची बाटली काढली. पाण्यात मिसळून चेहऱ्याला फासलं की अश्रुधूर कमी झोंबतो, हे त्यालाही ठाऊक होतं. हे कशाला, त्याने विचारलं. "तुम्हाला बघितलं की जळजळतं," ती म्हणाली. त्याने ओठ दाबून बाटली परत ठेवली.

काळे झेंडे विद्यापीठापासून निघाले. अरुंद गल्लीत वळताच ढाली दोन्ही अंगांनी आवळत आल्या. फुटपाथवरचे लोक माना उंचावून बघत होते, पण त्यांना फक्त ढालीच दिसत असणार. पोलिक्सेनीला वाटलं, हे पोलीस भोवती उभे राहतात ते आम्हाला आवरायला नव्हे, झाकायला. म्हणून ती आणखी मोठ्याने घोषणा देऊ लागली. दिसत नाही तर नाही, ऐकू तर जाईल.

अधिकाऱ्याने मोर्चा थांबवला. तुमचा पुढारी कोण, मागे फिरायला सांगा त्याला, म्हणाला.

"पुढारी नाही, साहेब," थ्रासोस म्हणाला. "सभा घ्यावी लागेल. तीन तास लागतात. बसायला काही आणलंय का?"

रांगभर हसू पसरलं. आणि अश्रुधुराचं नळकांडं पायाशी येऊन फुटलं.

डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. उजवा हात आपोआप वर निघाला, गेल्या वर्षीसारखाच. तिने तो डाव्या हाताने मनगटापाशी पकडला, चामडं ओढून ओढून कडक झालेल्या बोटांनी, आणि डोळे गच्च मिटले. थ्रासोसला कुणीतरी पलीकडून ओढत होतं; त्याचं सगळं वजन तिच्या कोपरावर आलं. खांद्यातून कळ गेली.

"घरी जा, आजी," अगदी कानाशी कुणीतरी ओरडलं.

"आधी तू हात काढ," ती आंधळ्यासारखी त्या आवाजाच्या दिशेला म्हणाली.

कापड फाटल्याचा आवाज आला. वजन एकदम कमी झालं. सुटला की काय, तिला वाटलं. पण कोपरात कोपर तसंच होतं, आणि शेजारी थ्रासोस खोकत होता. पोलिसाच्या हाती जाकिटाची नुसती बाही लागली होती. मिर्सिनी पुढून ओरडत होती, चला, चला, आणि अख्खी रांग डोळे मिटून चालू लागली.

गल्लीच्या तोंडाशी धूर विरळ झाला. मिर्सिनीने बाटलीतलं पांढरं पाणी दोघांच्या तोंडावर मारलं. थ्रासोसने आपल्या उघड्या दंडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मावशी, आता कोपर सोडलंस तरी चालेल."

"मला पटत नाही," पोलिक्सेनी म्हणाली.

संसद अजून दोन चौक लांब होती.