लिंक रॉडवरचा लाल ठिपका
होड्यांना लावतात त्या ऑइलपेंटचा वास आला की मला रेवदंड्याच्या खाडीकाठचं ते गॅरेज आठवतं. माझी गाडी खड्ड्यात गेली की मागून खडखडायची. मेकॅनिक वाकून बघून म्हणाला, "मागच्या चाकांचे दोन्ही लिंक रॉड गेलेत ताई. खारी हवा हाय, बदलायलाच लागतील." मला काही खरं वाटेना. दुसऱ्याचा झिजलेला पार्ट दाखवून गिऱ्हाइकाला गुंडाळणारे मी बघितले होते. तो नवे रॉड आणायला अलिबागला गेला, तशी मी ओढणी खोचून गाडीखाली हात घातला आणि चाकांजवळच्या त्या दोन्ही लोखंडी दांड्यांना पर्समधल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला. संध्याकाळी त्याने जुने रॉड सुकटीच्या पिशवीत घालून हातात दिले. मी तिथेच पिशवी उघडली. ठिपके माझेच होते. निघताना तो शांतपणे म्हणाला, "नव्यांना पण लाल ठिपका दिलाय ताई, होडीच्या रंगाचा. तुम्हाला परत खाली शिरायला नको." आजही कुठल्याही गॅरेजमधून गाडी आली की मी आधी वाकून तो ठिपका शोधते. असतो तो जागेवर. पण होडीचा लाल रंग काय, आमच्या किनाऱ्यावर कुणाकडेही सापडेल; रॉड बदलून तसाच ठिपका कुणीही देईल.