पत्रूने आवळलेली केबल

पत्रू मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला. जाळं विणायला तो बापाकडून, म्हणजे बापूजीकडून, शिकला. पोराने गाठ मारली की बापूजी ती पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढायचा. सरकली तर अख्खी ओळ उसवायला लावायचा.

तोच हात घेऊन पत्रू गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या गँगमध्ये लागला. काम केबल ओढायचं नि बांधायचं. प्लास्टिकच्या पट्ट्या भट्टीच्या धगीने तडकत, म्हणून तो सुती दोरीने जाळ्याची गाठ मारी. त्याची बांधणी कधी सुटली नाही.

२००४ साली कारखान्यात इथरनेट आलं. आधी एकेका मोटारीला कंट्रोल रूमपासून वेगळ्या वायरी असत. आता करंगळीहून बारीक अशा एका केबलवरून सगळी यंत्रं बोलणार होती.

खुशाल नावाचा मुकादम म्हणाला, "पत्रूभाऊ, हे झालं का गँगमधले दोघंच ठेवणार हायेत."

"मंग मले ठेव."

"काम पाहून ठेवतीन. माह्या हातात काय हाये?"

पत्रूने जीव ओतला. वीतभर अंतरावर गाठ, प्रत्येक गाठ ओढून पाहिलेली. खुशाल खालून ओरडला, "अबे, केबल बांधून राह्यला का मगर?" गँग हसली. पत्रूही हसला.

भट्टी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. इंजिनिअर रीता मॅडम शिडीने वर चढल्या. एका गाठीवर बोट ठेवून थांबल्या. रागावल्या नाहीत.

"काका, या केबलच्या आत पिळलेल्या तारांच्या जोड्या असतात. आवळल्या की दबतात. कंट्रोल रूम मोटारीला सारखं विचारते, चालू आहेस का? उत्तर ठरल्या वेळात पोचावं लागतं. इथं ते वाटेतच खराब होतं. उत्तर नाही आलं की मोटार गेली असं धरून सगळं थांबवायचं, असा नियम आहे."

"पण मोटार तं चांगली हाये ना, बाई?"

"चांगली आहे. तिचं म्हणणं पोचत नाही."

खुशाल मान खाली घालून म्हणाला, "ढिली ठेवा म्हणून मले सांगतलं होतं. तुले काय सांगाव, तुले येते, असं वाटलं."

गाठी पत्रूनेच कापल्या. इतक्या घट्ट होत्या की सुरीचं टोक आत शिरेना. नवी केबल गँगमधल्या दुसऱ्या दोघांनी टाकली, कापडी पट्ट्यांनी सैल बांधली. तेच दोघे राहिले.

पत्रू गावी परतला, तलावावर जाऊ लागला. एकदा बायको अंजनाबाई काठावर जाळं झटकत म्हणाली, "मासे निसटून राह्यले. गाठी काऊन ढिल्या मारल्या?"

"ढिल्या नाईत."

"पाह्य ना मंग."

त्याने एक गाठ अंगठ्यात अडकवून ओढली. सरकली. दुसरी ओढली. तीही सरकली.

उसव म्हणणारा बापूजी आता नव्हता. पत्रूने आपणच ओळ उसवली, नवी गाठ घातली. आवळताना हात अर्ध्यातच थांबला.