पिवळ्या पाण्याचा इलाज

अण्णांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तेव्हा आमच्या घरानं एकमतानं ठरवलं की दवाखान्यात जायचं नाही. एकमतानं म्हणजे अण्णांनी ठरवलं. मी धाराशिवच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, पण माहेरी त्या ज्ञानाला कुणी हिंग लावून विचारत नाही. तरी सांगून पाहिलं. जुन्या रक्तपेशी मोडल्या की पिवळं बिलिरुबिन तयार होतं, यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं, शौचाला रंग येतो तो त्यामुळंच. अण्णांना तर पांढुरकं होत होतं. म्हणजे वाट कुठंतरी तुंबली होती, आणि ती तशीच राहिली असती तर जिवावर बेतलं असतं.

"जेवताना हगण्याच्या गप्पा मारतीस व्हय?" अण्णा म्हणाले. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी येडशीजवळच्या एका खेड्यात, कावीळ उतरवणाऱ्या बाबाकडं आमची वरात गेली. बाबानं अण्णांच्या हातांना कसल्याशा सालीचा लेप चोळला, वरून चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळंजर्द पाणी उतरलं. आईनं हात जोडले. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू नोबेल त्यांनाच मिळालं. माझं डोकं फिरलं. बाबाचं बिंग फोडायचंच म्हणून मी बाह्या सारल्या.

"आता माझे हात धुवा."

बाबा कचरला, पण तोच लेप चोळून धुतले. पाणी अण्णांच्या पाण्यापेक्षा पिवळं निघालं.

"बघा! धडधाकट माणसाचंही निघतं!" मी ओरडले. पण बाबाकडं कुणी बघतच नव्हतं. आईनं माझी पापणी खाली ओढून पाहिली.

"लेकीला बापापरीस लई हाय," बाबानं निदान केलं.

अण्णांचा चेहरा पडला. बाबा पुन्हा लेप कालवायला लागला, तर त्यांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. हिला धाराशिवला डाक्टरला दाखवतो."

"आणि तुम्ही?"

"माझं चालतंय हितं."

"तुम्ही तपासायला रक्त दिलं तरच मी देईन," मी अडून बसले. असली संधी कोण सोडतं?

माझा रिपोर्ट स्वच्छ आला. अण्णांच्या रक्तात कावीळ दिसली, आणि सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा निघाला. डॉक्टर समजावत होते, आजच दाखल व्हा, उशीर नको. अण्णांचं लक्षच नव्हतं.

"ते ऱ्हाऊ द्या सायेब. आदी पोरीचं सांगा."

"ती ठणठणीत आहे."

 अण्णांच्या पिवळ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धोतराच्या सोग्यानं ते पुसत म्हणाले, "मग मला कुठं कापायचंय तिथं कापा."