आमच्या आळीची घटनासभा

माझे वडील ठाण्यात नाटकांचे पडदे रंगवत. देवळं, राजवाडे, अरण्यं ते मनानं काढत, पण माणूस स्वतः पाहिल्याशिवाय त्याचं तोंड काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

पटकीच्या साथीत माझा थोरला भाऊ गेला. त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयाच्या मंडळींना एका चित्राची हौस आली. सातासमुद्रापलीकडच्या एका देशातल्या लोकांनी राजाला झुगारून, एकत्र बसून आपली राज्यघटना लिहिली. तो प्रसंग त्यांना भिंतभर हवा होता. नमुना म्हणून एका विलायती पुस्तकातलं छापील चित्र दिलं. वीतभर कागदात सगळी सभा कोंबलेली, तोंडं म्हणजे नुसते ठिपके. आई ते बघून म्हणाली, "एवढे शहाणे लोक, आणि डोक्यावर ही मेंढ्याची लोकर कशाला?" साथीनंतर ती पहिल्यांदाच असं काही बोलली.

तोंडांसाठी वडिलांनी आळीतल्या लोकांना समोर बसायला सांगितलं. कोणी बसेना. चित्र काढलं की आयुष्य घटतं, असं तेव्हा सगळे मानत, आणि नुकतीच साथीतून वाचलेली माणसं तर जरा जास्तच मानत. वडील भडकले. म्हणाले, "ठीक आहे. ज्यांचं आयुष्य घटायचं उरलेलं नाही, त्यांना बसवतो. उभा जन्म त्यांना पाहिलंय मी."

मग एकेक जण येऊ लागला. साथीत गेलेला आमचा कासार आला, मिठागरावरचा मुकादम आला, सणाला आम्हांला केळी आणून देणारा ख्रिस्ती शेतकरी आला. नमुन्यातले डोक्यावरचे लोकरीचे टोप गेले, अंगावर विलायती कोट तेवढे राहिले. भर दुपारी, लोटलेल्या दाराआडून वडिलांचा आवाज येई, "मान जरा वर. हं, आता हलू नकोस." पाणी घेऊन आत जायला मला भीती वाटे. ती सगळी माणसं मला ओळखत होती.

चित्र भिंतीवर लागलं, तेव्हा वाचनालयाचे चिटणीस खवळले. राष्ट्राचे कायदे लिहायला मिठागराचा मुकादम कसा, असं त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "मिठाचे कायदे झाले, तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं?" चित्र उतरवायचंच ठरलं होतं. पण मेलेल्यांचे भाऊ, मुलगे येऊ लागले, वहाणा काढून चित्रासमोर उभे राहू लागले, आणि मग कोणाची छाती झाली नाही.

बायकांना मात्र वाचनालयात मज्जाव होता. "तो आहे ना हो त्यात?" आई वडिलांना रोज विचारी. "आहे, मेजाशी बसलाय, हातात लेखणी आहे," ते म्हणत. भावाची एकही तसबीर आमच्याकडे नव्हती. एकदा माझी वेणी घालताना आई म्हणाली, "त्याचा आवाज ऐकू येतो गं मला. पण तोंड पुसलं गेलंय. पोटच्या पोराचं तोंड. ते एकदा बघायला मिळू दे, मग काही मागायची नाही." मला तर त्याचे नुसते हात आठवत.

दिवाळीच्या साफसफाईसाठी वाचनालय बंद होतं आणि वडिलांना चित्रावर रोगण द्यायचं होतं. त्या दुपारी ते आम्हा दोघींना मागच्या दारानं आत घेऊन गेले. आई चित्राच्या एका टोकापासून निघाली. कासाराला तिनं मान लववली, शेतकऱ्याच्या मुलांची खुशाली त्यालाच सांगितली. मग ती मेजाशी पोचली.

तिथल्या खुर्चीत एक मुलगा आमच्याकडे पाठ करून लिहीत बसला होता. कोवळी मान, डोक्यात दोन भोवरे. दोन भोवऱ्यांच्या मुलाची दोन लग्नं होतात म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

"तोंड का नाही काढलंत?" आईनं विचारलं.

वडिलांनी हातातला कुंचला पुसला. पुन्हा पुसला. "आठवेना गं," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ती रडेल. पण तिनं पदर सावरला, त्याच्या खुर्चीमागे अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाळा, इकडे बघ बघू."

वडीलही कुंचला खाली ठेवून वाट बघत राहिले.