नाकातला दोरा

आमच्या घरी खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. आई अंगणवाडी सेविकांच्या युनियनमध्ये. वाटून उरलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले आणि त्यांच्यावरच पोहे खाल्ले. त्यामुळे अन्याय मला फार लांबून दिसायचा. जवळचा दिसायला मात्र वेळ लागला.

शहराच्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीत अण्णांची, म्हणजे वडलांची, एक करामत प्रसिद्ध होती. एका नाकपुडीतून दोरा घालायचा आणि दुसरीतून काढायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. अण्णा नळांवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या शेडमध्ये कामाला; तिथल्या वाफेनं नाकातल्या पडद्याला भोक पडलेलं. प्लेटिंगच्या शेडमधल्या जुन्या कामगारांना ते असायचंच. अण्णा म्हणायचे, "नोकरी पक्की झाल्याची खूण."

शेडमध्ये नळांना चकाकी चढायची. शहर बायपासपलीकडं पसरत होतं, फ्लॅटवर फ्लॅट उठत होते, आणि दुष्काळ असा की आठवड्यातून एकदा पाणी. पण नळ झळझळीत पाहिजे! शेडमधली वाफ धुऊन काढणारं यंत्र पाण्यावर चालायचं. टँकर चुकला की आधी ते बंद व्हायचं. काम चालूच.

मग अण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. केस पेपरवर कारण म्हणून लिहिलं होतं, बिडी.

मी उसळले. "ह्या माणसाला उदबत्तीचा धूर सोसत नाही!"

"वढतो की कधीमधी," अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले.

पुढं गाठीच्या तुकड्याची जनुक तपासणी झाली. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. "काका, जनुकात एक बदल सापडलाय. चांगली गोष्ट अशी की त्यावर गोळी आहे. पण हा बदल बिडी न ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. कुठली ओढायचात?"

अण्णांनी बराच विचार केला. "ती... लांब असती ती."

बाईंना हसू आवरेना. मलाही.

"कशानं झाला हा बदल?" मी विचारलं.

"ते रिपोर्ट सांगत नाही. माणसाला कामाचं विचारावं लागतं आणि ते कागदावर यावं लागतं. काय काम करायचात, काका?"

अण्णा माझ्यावरच उखडले. "झालं का तुझं समाधान? बिडी म्हटलं की कसूर माझ्या एकट्याचा. क्रोम म्हटलं की तू पत्रक काढणार अन् शेडला कुलूप लागणार. आपल्या गावचे, बिडकीनचे चौघं दुष्काळात मीच नेऊन लावलेत तिथं. त्यांनी खावं काय? तुझं पत्रक?"

मी एवढंच विचारलं, "त्यांची नाकं बघितलीत, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "त्यातल्या एकानं परवा करून दाखवला. दोरा. लई खूश होता." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

"मॅडम, ती बिडी खोडा," ते म्हणाले. "क्रोमची टाकी लिव्हा. बावीस वर्षं. अन् त्या चौघांना कधी घिऊन येऊ?"